हेवी गाडीवर नव्यानं बसणार असाल तर: लायसन्स, ट्रेनिंग आणि ड्युटीच्या तासांचा हिशोब

बारा वर्षं मी ट्रक आणि ट्रेलर चालवले. आता नव्या पोरांना हेवी गाडी शिकवतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न लायसन्सचा विचारतो, दुसरा पगाराचा. दिवसाला किती तास काम करायचं, ते कोण मोजतं आणि कुठून कुठपर्यंत मोजायचं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. रस्त्यावर माणसं जीव गमावतात ती या प्रश्नापायीही, म्हणून या लेखात तासांचा भाग मोठा ठेवला आहे. पण क्रमानं जाऊ, आधी लायसन्स.

पहिली पायरी: वय आणि लाइट गाडीचं एक वर्ष

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे कार चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात, पण ट्रान्सपोर्ट गाडी, म्हणजे माल नेणारी किंवा भाड्यानं माणसं नेणारी गाडी, सार्वजनिक रस्त्यावर चालवायला २० वर्षं लागतात. शिवाय लाइट मोटार व्हेइकलचं पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. हा धंदा करायचं ठरलं असेल तर अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच लाइटचं लायसन्स काढून ठेवा. विसाव्या वर्षी जागे झालात तर आणखी एक वर्ष नुसतं वाट पाहण्यात जातं.

पूर्वी ट्रान्सपोर्टसाठी आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये काढली. शाळा सुटली म्हणून मागे राहिलेल्या मुलांना आता अडचण नाही. तरीही वाचता आलं पाहिजे असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो. पुलाची उंची, घाटातली पाटी, बिल्टीवरचं, म्हणजे मालाच्या पावतीवरचं, वजन हे सगळं वाचूनच कळतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. गाडीचं एकूण वजन, म्हणजे रिकामी गाडी अधिक मंजूर माल, ७,५०० किलोपर्यंत असेल तर ती लाइट. त्यावर १२,००० किलोपर्यंत मीडियम आणि त्याहून जास्त ती हेवी. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला, की ज्याच्याकडे लाइटचं लायसन्स आहे तो ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीही वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. छोटा टेम्पो, पिकअप चालवणाऱ्यांना या निकालानं मोठा आधार मिळाला, कारण अपघातानंतर विमा कंपन्या याच मुद्द्यावर भरपाई अडवत असत. गाडी मीडियम किंवा हेवी असेल, किंवा धोकादायक माल असेल, तर मात्र त्या निकालाचा आधार घेऊ नका. तिथं त्या वर्गाचंच लायसन्स लागतं.

दुसरी पायरी: डॉक्टरचा दाखला

ट्रान्सपोर्टसाठी नमुना १-ए मधला वैद्यकीय दाखला लागतो. डॉक्टरनं त्यात तुमची नजर, रंग ओळखण्याची क्षमता, रातांधळेपणा आणि ऐकू येणं पाहायचं असतं. एक साधी कसोटी घरीच करून बघा: चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? नसेल तर लाजू नका, चष्मा करून घ्या. हा दाखला पैसे देऊन न तपासताच मिळवणारे मी पाहिले आहेत. आपल्याला रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात हे त्यातल्या एकाला आधी कळलं असतं, तर त्याचा पाय आज शाबूत असता.

तिसरी पायरी: शाळा

ट्रान्सपोर्टच्या लायसन्ससाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, म्हणजे नमुना ५, जोडावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे ट्रान्सपोर्टचा कोर्स किमान ३० दिवसांचा हवा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १५ तास हवेत. हा १५ चा आकडा पाठ करा. फी भरताना विचारा, माझे १५ तास कोणत्या गाडीवर, कोणत्या तारखांना? एका गाडीत सहा जण बसवून तासाभरात सगळ्यांना फिरवलं, तर तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. स्कूलच्या रजिस्टरवर मात्र पूर्ण तास चढतो. तुमची वही तुम्ही ठेवा: तारीख, गाडी, किती वाजता बसलो, किती वाजता उतरलो. या धंद्यात तुम्हाला लागणारी ही पहिली वही.

दुसरा रस्ता आहे अधिकृत ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचा. त्याचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. तिथं मीडियम आणि हेवीचा कोर्स ६ आठवड्यांत ३८ तासांचा असतो, थिअरी आणि प्रत्यक्ष असे दोन भाग. सिम्युलेटर, म्हणजे जागच्या जागी गाडी चालवण्याचा सराव देणारं यंत्र, आणि टेस्ट ट्रॅक असणं सेंटरला सक्तीचं आहे. तिथून पास झालात तर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ असते. जवळपास असं सेंटर असेल तर मी तेच सुचवीन. टेस्ट माफ होते हे त्यामागचं कारण नाही. थिअरी धरून ३८ तासांचा आखलेला कोर्स मिळतो, आणि सिम्युलेटरवर ब्रेक फेल झाला तर कोणी मरत नाही, हे कारण. पुण्यात भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. ती १९६७ पासून याच क्षेत्रात काम करते.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. अर्ज सारथी पोर्टलवरून होतो. यात फार काही शिकवण्यासारखं नाही. कागद नीट स्कॅन करा आणि एजंटाच्या हाती मोबाइलचा ओटीपी देऊ नका.

पक्कं झालेलं ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे मुदत आज संपली तर उद्या सकाळी तुम्ही बिनलायसन्सचे. त्या दिवशी अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात पडतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

धोकादायक मालासाठी वेगळं ट्रेनिंग

पेट्रोल-डिझेलचा टँकर, गॅस, ॲसिड, केमिकल यांच्या गाडीवर बसायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ लागतो. तीन दिवसांचा कोर्स: सुरक्षित ड्रायव्हिंग, वरच्या पायरीचं ड्रायव्हिंग कौशल्य आणि मालाची ओळख. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी अशीही अट आहे. लायसन्सवर तशी नोंद झाली की ती तीन वर्षं चालते.

या गाडीत ट्रेम कार्ड असतं. आत काय आहे, गळती झाली तर काय करायचं, अंगावर उडालं तर काय करायचं, आग लागली तर पाणी मारायचं की नाही, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. माल भरतानाच ते मागून घ्या आणि निघण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. काही केमिकलवर पाणी मारलं तर आग वाढते. हे घाटात, रात्री, घाबरलेल्या डोक्यानं शोधत बसायची गोष्ट नाही.

आता तासांचं

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं चौकट घातली: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या किंवा सणासुदीच्या कामात, मंजुरी असेल तर, दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत. सलग ५ तासांहून जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विसावा. विसाव्यासकट दिवसाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत. एका दिवसाची ड्युटी संपून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांती. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ ट्रान्सपोर्ट गाडी चालवणाऱ्याच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० नं घेतली. सांगाडा तोच आहे. दिवसाला ८ तास संहितेतच लिहिले आहेत, जास्त कामाला दुप्पट दरानं मजुरी आहे, गाड्या अडू नयेत म्हणून साप्ताहिक सुट्टी मोडली तरी सलग १० दिवसांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. विसावा आणि पसारा किती, हे सरकारनं अधिसूचनेनं ठरवायचं आहे. जुन्या कायद्याखालचे नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात. फरक काय पडला? जुना कायदा ५ किंवा जास्त कामगार असलेल्या ट्रान्सपोर्टला लागायचा, संहितेत हा आकडा १० आहे. दुसरीकडे पगारी रजेसाठी वर्षाला २४० दिवस भरावे लागायचे, आता १८० भरले तरी चालतात. दर २० दिवसांमागे एक दिवस रजा. आणि प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र देणं मालकाला बंधनकारक झालं आहे. ते पत्र मागा. नम्रपणे मागा, पण मागा.

दोन गाड्यांच्या शेठकडे काम करणारा ड्रायव्हर या आकड्यांच्या बाहेर राहतो, आणि आपली गाडी आपणच चालवणाऱ्याला तर ओव्हरटाइम देणारं कोणी नसतं. त्यांनाही मी हेच आकडे पाळायला सांगतो. शरीराला गाड्यांची संख्या कळत नाही.

ड्युटी कधी सुरू होते?

नवा माणूस इथंच फसतो. त्याला वाटतं तास म्हणजे स्टिअरिंगवरचे तास. कायदा तसं म्हणत नाही. तुम्ही मालकाच्या हाताखाली, त्याच्या कामासाठी हजर असता तो वेळ म्हणजे कामाचे तास. गाडी चालवणं त्यात आहेच, पण गाडी ताब्यात घेणं आणि लावणं, तिची देखभाल-दुरुस्ती, हिशोब आणि रजिस्टर, माल भरणं आणि खाली करणं हेही त्यात आहे. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळसुद्धा धरला जातो. जुन्या कायद्यातली ही व्याख्या नव्या संहितेतही आहे.

माझ्या वहीतलं एक पान दाखवतो.

पहाटे ५:०० ते ५:३०: गाडी ताब्यात. टायर, हवा, एअर टँकचं पाणी सोडलं, ताडपत्री आवळली.
५:३० ते ९:३०: चालवली.
९:३० ते १०:००: चहा-नाश्ता, गाडी बंद, चावी माझ्या खिशात.
१०:०० ते १२:३०: माल खाली करून घेतला, सह्या, रिकामं वजन.
१२:३० ते २:००: चालवली. गाडी लावली.

स्टिअरिंगवर साडेपाच तास. शेठच्या हिशोबात त्या दिवशी मी ‘आरामात’ होतो. पण ड्युटी झाली अर्धा, चार, अडीच आणि दीड मिळून साडेआठ तास. अर्धा तास ओव्हरटाइम. दुपारी २ ला ड्युटी संपली, म्हणजे नऊ तास धरले तर रात्री ११ च्या आधी पुन्हा गाडी हलवायची नाही. या पानावर मी ‘आज थोडंच चालवलं’ म्हणून संध्याकाळी सहाला पुन्हा निघालो असतो, तर पहाटे तीनला घाटात असतो.

वाट पाहण्याच्या वेळेवरून कायम वाद होतो. एका कारखान्याच्या गेटबाहेर मी सात तास लाइनमध्ये होतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी एक लांबी पुढे घ्यायची. झोपलो की मागचा हॉर्न मारायचा. त्या सात तासांना मालकानं ‘विश्रांती’ म्हटलं आणि माल भरल्याबरोबर निघायला सांगितलं. मी निघालो. पहाटे डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. कोणी मेलं नाही, हे नशीब. गाडी सोडून जाता येत असेल, वेळ तुमचा तुम्हाला वापरता येत असेल, तर ती विश्रांती. हाक आली की उठावं लागत असेल तर ती ड्युटी. मी हे असंच मोजतो आणि तुम्हीही असंच मोजा.

ट्रिप घेण्याआधी गणित

भाडं ठरतं त्याच फोनवर हे गणित करायला शिका. समृद्धी महामार्ग नागपूर ते भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर आहे. ताशी ८० नं, कुठंही न थांबता, पावणेनऊ तास लागतात. म्हणजे रस्ता सरळ आणि मोकळा असला तरी ही ट्रिप एका माणसाच्या आठ तासांत बसतच नाही. त्यात माल भरणं, वजनकाटा, डिझेल धरा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पट्टा साडेसहा तासांचा, म्हणजे पाच तासांचा नियम पाळायचा तर शिर्डीच्या बऱ्याच आधी एकदा गाडी बंद करून उतरावंच लागेल. ‘सकाळी निघ, रात्री पोच’ असं कोणी म्हटलं तर त्याला हेच आकडे सांगा. दोन ड्रायव्हर द्या, नाहीतर मध्ये एक मुक्काम.

सरळ रस्त्याची भीती मला घाटापेक्षा जास्त वाटते. खंबाटकीत किंवा कसाऱ्यात माणूस जागा राहतो, कारण हात-पाय कामात असतात. सपाट, रुंद, एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं असतं. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर, कोणीही चालवत नसलेली गाडी.

झोप जवळ आली हे असं ओळखा: मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत, गिअर उगाच बदलला जातो, पांढऱ्या पट्टीवर चाक वाजतं, मान जड होते. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळा शरीराच्याच झोपेच्या आहेत. काच उघडणं, गाणी लावणं, तंबाखू यांनी पाच मिनिटं मिळतात, जास्त नाही. पंपावर किंवा विश्रांतीच्या जागी गाडी लावून वीस मिनिटं झोपा. झोपण्याआधी चहा घेतला असेल तर उठेपर्यंत तो कामाला लागतो. रस्त्याच्या कडेला पट्टीवर मात्र गाडी लावू नका, मागून येणाऱ्याचाही डोळा लागलेला असू शकतो. सतरा तास सलग जागा राहिलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच चालवतो. गाडी चालवायच्या स्थितीत नसताना ती चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हाही आहे.

केबिनबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि मोठ्या मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात विदर्भात इंजिनाच्या उष्णतेवर बसून नऊ तास काढलेल्या माणसाला याची किंमत कळेल. नोकरी निवडताना गाडीचं उत्पादन वर्ष विचारा.

पहिल्या तीन महिन्यांत

लायसन्स हातात आलं म्हणून लगेच एकट्यानं लांब पल्ल्याला जाऊ नका. जुन्या ड्रायव्हरबरोबर जा आणि तीन गोष्टी त्याच्याकडून हातानं शिकून घ्या. पहिली, घाट उतरणं. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढेल, साधारण त्याच गिअरमध्ये ती उतरवायची आणि वेग इंजिनावर धरायचा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम तापतो, जळका वास येतो आणि मग पाय दाबला तरी गाडी धरत नाही. तो वास आला की सुरक्षित जागा मिळताच थांबायचं, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही. न्यूट्रल तर कधीच नाही, डिझेल वाचवायलाही नाही. दुसरी, एअर प्रेशरचा काटा बघितल्याशिवाय गाडी न हलवणं. तिसरी, रिव्हर्स. क्लीनर दिसत नसेल तर गाडी मागे घ्यायची नाही.

वही कशी ठेवायची आणि कशाला

रोज एक पान, वर दाखवलं तसं. सोबत वजनकाट्याच्या पावतीचा फोटो, कारण तिच्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते. ई-वे बिलाचा फोटो, गेटपासचा फोटो. फास्टॅगचे मेसेज बहुतेक वेळा मालकाच्या नंबरवर जातात, तेव्हा त्यांच्यावर अवलंबून राहू नका. टोल ओलांडल्याची वेळ स्वतः टिपा.

पगार ट्रिपवर असेल तर नोकरी धरतानाच लिहून घ्या: एका ट्रिपला किती तास धरले आहेत, हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी अडकून थांबल्याचा, भत्ता किती आणि आठ तासांवरचं काय. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं असलं तरी चालेल, पण लिहिलेलं हवं. तास संपले की फोन करून मेसेजही टाका. मी पोरांकडून हा मेसेज घोकून घेतो: ‘शेठ, पहाटे पाचला ड्युटीवर आलो, दोनला साडेआठ तास झाले. गाडी पंपावर लावली आहे, माल सुरक्षित आहे. रात्री अकराला निघतो, सकाळी पोचतो.’ यात भांडण नाही आणि माफीही नाही. बहुतेक मालक ऐकतात, कारण पोचायची वेळ कळली की त्यांना पुढच्या पार्टीला सांगता येतं.

जो ऐकत नाही, ओव्हरटाइम बुडवतो किंवा नऊ तास पुरे होऊ देत नाही, त्याच्याविरुद्ध जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करता येतो. अर्जासोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स, पावत्यांचे फोटो आणि नेमणुकीचं पत्र जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या आणि मूळ वही कुणाच्याही हाती देऊ नका.